नेसी सापडली नाही, सापडला चपटा कृमी!

राक्षसाच्या शोधात जगभरातून माणसे स्कॉटलंडच्या एका सरोवरावर गेली. राक्षस काही हाती लागला नाही. मात्र नखाएवढा एक परदेशी जीव त्याच पाण्यात सापडला. तो परदेशी आहे हे कसे ओळखले? त्याच्यासारख्या इतरांना कसे ओळखतात? आणि ओळखून मिळते काय?

डिसेंबर १९७५. ‘नेचर’ या जगप्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकात एका प्राण्याचे बारसे झाले. नाव ठेवले ‘नेसिटेरास ऱ्होम्बोप्टेरिक्स’, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचे पर असलेले नेसचे आश्चर्य. स्कॉटलंडमधल्या लॉख नेस या सरोवरात राहतो असे मानला जाणारा हा राक्षस. लाडाने त्याला ‘नेसी’ म्हणतात. बारसे करणारे होते ब्रिटनचे ख्यातनाम निसर्गतज्ज्ञ सर पीटर स्कॉट आणि अमेरिकन वकील व संशोधक रॉबर्ट राइन्स. आधार काय, तर पाण्याखाली काढलेली काही धूसर छायाचित्रे. बारसे थाटात झाले, पण बाळ कुणीच पाहिले नव्हते!

पुढे एका खासदाराने गंमत दाखवून दिली. त्या लांबलचक नावातली इंग्रजी अक्षरे उलटसुलट मांडली, तर ‘सर पीटर एस. यांची राक्षसी थाप’ अशा अर्थाचे वाक्य तयार होते! हा योगायोग होता की आणखी काही, यावर पुष्कळ चर्चा झाली. नेसी मात्र दिसली नाही.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात लॉख नेसच्या पाण्यात दुसरेच काही लोक काम करीत होते. त्यांना राक्षसात रस नव्हता. स्कॉटलंडच्या मोठ्या सरोवरांत कोणकोणते जीव राहतात, याची ते पद्धतशीर पाहणी करीत होते. त्यांच्या बशीत एक छोटा, चपटा कृमी आला. तो ब्रिटनमधल्या कुठल्याच ओळखीच्या जातीशी जुळेना. अखेर उलगडा झाला तेव्हा कळले, की हा तर उत्तर अमेरिकेतला! अटलांटिक महासागर ओलांडून स्वारी इथवर आली कशी? त्या गोष्टीकडे पुन्हा वळूच. त्याआधी या कृमींची ओळख करून घ्यायला हवी.

कोण हे चपटे कृमी?

जीवशास्त्र शिकलेल्यांना ‘प्लानेरिया’ हे नाव आठवत असेल. पुस्तकातले ते चित्रही आठवेल: बाणाच्या टोकासारखे डोके, त्यावर दोन तिरळे डोळे आणि कागदासारखे चपटे अंग. गोड्या पाण्यातले बहुतेक सगळे ठळक चपटे कृमी याच गोतावळ्यातले. लांबी साधारण एक ते दोन सेंटिमीटर. काही जाती त्याहून मोठ्या. नद्या, ओढे, झरे आणि तळी यांच्या तळाशी, दगडांच्या खालच्या अंगाला आणि पाणवनस्पतींच्या पानांवर ते राहतात. उजेड त्यांना आवडत नाही. दिवसा ते आडोशाला दडून बसतात.

‘कृमी’ म्हटले की घरातली वडीलधारी मंडळी दचकतात. पट्टकृमी आणि मेंढ्यांच्या यकृतात राहणारा कृमी हेदेखील याच संघातले, त्यामुळे भीती अगदीच निराधार नाही. पण प्लानेरिया परोपजीवी नाही. तो माणसाच्या किंवा जनावराच्या शरीरात राहत नाही. तो स्वतंत्र जगणारा छोटा शिकारी आहे.

त्याची शरीररचना मात्र चक्रावून टाकणारी आहे. तोंड डोक्यावर नसते, ते पोटाच्या मध्यावर असते. तिथून सोंडेसारखी एक नळी बाहेर येते आणि भक्ष्याचा रस व मऊ भाग शोषून घेते. आत आतड्याला तीन मुख्य फाटे असतात, एक पुढे आणि दोन मागे. म्हणूनच शास्त्रज्ञ या गटाला ‘ट्रायक्लॅडिडा’, म्हणजे तीन शाखांचे, म्हणतात. मलद्वार नाहीच. उरलेसुरले तोंडावाटेच बाहेर पडते.

जळू आणि चपटा कृमी यांत गल्लत होते. फरक चालीवरून कळतो. जळू पुढची आणि मागची चूषके टेकवत, अंगाची कमान करीत चालते. तिच्या अंगावर वळ्या दिसतात. चपट्या कृमीच्या अंगावर वळ्या नसतात. पोटाखालच्या अतिसूक्ष्म केसांच्या हालचालीने तो एकसारखा घसरत जातो, जणू काचेवरून तेलाचा थेंब ओघळावा.

दगड उलटा, पण हळूच

या कृमींची ओळख पटवण्याचा पहिला नियम म्हणजे त्यांना जिवंत पाहणे. फुलपाखरू टाचणीला लावून वर्षभराने पाहिले तरी चालते. चपट्या कृमीचे तसे नाही. अल्कोहोलमध्ये टाकला की तो आक्रसून गोळा होतो. डोक्याचा आकार जातो, स्पर्शिका दिसेनाशा होतात, रंग उडतो. ओळखीच्या खुणाच पुसल्या जातात. पाण्यातल्या जीवांच्या जुन्या पाहण्यांत या कृमींपुढे पुष्कळदा नुसते ‘चपटा कृमी’ एवढेच लिहिलेले आढळते, त्याचे एक कारण हेच.

म्हणून अभ्यासक पाण्यात उतरतो तो पांढरी बशी, मऊ कुंचला आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन. दगड हळूच उलटायचा आणि त्याच्या खालच्या अंगाकडे पाहायचे. कृमी सुरुवातीला चिकट ठिपक्यासारखा किंवा शेंबडाच्या थेंबासारखा दिसतो. थोडे थांबले की ठिपका लांबतो आणि चालू लागतो. चिमट्याने धरला तर तो फाटतो. त्याला कुंचल्याच्या टोकाने उचलून त्याच ठिकाणच्या पाण्यात सोडायचे आणि पाणी थंड ठेवायचे. दगड होता तसा परत ठेवायचा.

दुसरा उपाय आमिषाचा. कच्च्या काळजाचा लहानसा तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात सोडतात. वास लागला की आसपासचे कृमी त्याच्यावर गोळा होतात.

आधी डोळे मोजा

ब्रिटनमध्ये गोड्या पाण्यातल्या या कृमींच्या जेमतेम डझनभर जाती आहेत. त्या ओळखण्यासाठी वेल्समधल्या बँगरचे प्राणिशास्त्रज्ञ टी. बी. रेनॉल्डसन यांनी एक ‘किल्ली’ तयार केली. ही किल्ली म्हणजे एक पुस्तिका. एकेका प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देत पुढे गेले की शेवटी जातीचे नाव हाती येते. गोड्या पाण्यातील जीवांचा अभ्यास करणाऱ्या, १९२९ साली स्थापन झालेल्या आणि विंडरमिअर सरोवराकाठी वाढलेल्या ‘फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशन’ने ती १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. नंतर तिच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या.

पहिला प्रश्न डोळ्यांचा. दोन आहेत की पुष्कळ? भिंगातून डोक्याच्या कडेने काळ्या ठिपक्यांची माळ दिसली, तर तो ‘पॉलिसेलिस’. डोळे दोनच असतील तर पुढचा प्रश्न.

दुसरा प्रश्न स्पर्शिकांचा. डोक्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर शिंगांसारखी टोके आहेत का? स्पर्शिका आणि पुष्कळ डोळे असे दोन्ही असतील तर तो वाहत्या ओढ्यातला ‘पॉलिसेलिस फेलिना’. स्पर्शिका आहेत पण डोळे दोनच, तर तो थंडगार झऱ्यांतला ‘क्रेनोबिया अल्पिना’.

तिसरा प्रश्न रंगाचा. दुधासारखा पांढरा, दोन डोळ्यांचा, सेंटिमीटरभराहून बराच मोठा आणि अंगातून आतड्याची नक्षी आरपार दिसणारा कृमी तळ्यात सापडला, तर तो बहुधा ‘डेन्ड्रोसीलम लॅक्टियम’. त्याने नुकतेच काय खाल्ले, हेसुद्धा आतड्याच्या रंगावरून कळते!

रंगावर फार विसंबून मात्र चालत नाही. एकाच जातीत फिकट तपकिरीपासून काळ्यापर्यंत छटा आढळतात. डोक्याची ठेवण अधिक भरवशाची. ‘गिरार्डिया टायग्रिना’ या मूळच्या अमेरिकन पाहुण्याचे डोके स्पष्ट त्रिकोणी असते आणि अंगावर ठिपके असतात. अंड्यांचे कोशही मदतीला येतात. डुगेसिया आणि तिच्या जवळच्या नातेवाइकांचे कोश बारीक देठावर बसवलेल्या मण्यासारखे असतात. पॉलिसेलिस आणि डेन्ड्रोसीलम यांच्या कोशांना देठ नसतो.

जिथे डोळे फसतात

इतके सगळे पाहूनही काही वेळा गाडी अडते. ‘पॉलिसेलिस नायग्रा’ आणि ‘पॉलिसेलिस टेन्युइस’ या दोन जाती बाहेरून जुळ्या भावांसारख्या आहेत. तळ्याच्या एकाच काठावर दोन्ही सापडतात. त्यांच्यातला फरक शरीराच्या आत, प्रजननेंद्रियांच्या रचनेत आहे. तो पाहायला पूर्ण वाढ झालेला कृमी घेऊन सूक्ष्मदर्शक वापरावा लागतो.

त्यातही एक मेख आहे. चपटा कृमी एकाच वेळी नर आणि मादी असतो. पण काही जातींतले कित्येक कृमी प्रजननेंद्रिये तयारच करीत नाहीत. ते सरळ मधोमध तुटतात. पुढच्या भागाला शेपूट फुटते, मागच्या भागाला डोके फुटते आणि एकाचे दोन होतात. तुटलेला भाग पुन्हा घडवण्याच्या या शक्तीमुळेच प्लानेरिया प्रयोगशाळांत प्रसिद्ध झाला. अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे बारीक बारीक तुकडे करून ते कसे वाढतात हे तपासले होते. पण ओळख पटवणाऱ्याला हीच शक्ती त्रासाची ठरते. ज्या इंद्रियांवरून जात ठरवायची, तीच जागेवर नसतात. शिवाय जखम भरताना एखाद्याला जादा डोळा किंवा दुसरे डोकेही फुटू शकते. म्हणून जाणकार एका कृमीवरून निष्कर्ष काढीत नाहीत, त्याच ठिकाणचे दहा-बारा पाहतात. आता डीएनए तपासणीची मोठी मदत होते. तरीही तपासलेला डीएनए जुळवायला आधी नीट ओळखलेला नमुना लागतोच.

नाव कळले की पाणी कळते

एवढा खटाटोप कशासाठी? रेनॉल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या तळ्यांवरच्या अभ्यासात याचे उत्तर सापडते. एकाच तळ्यात या कृमींच्या चार-चार जाती एकत्र कशा नांदतात, हा त्यांचा प्रश्न होता. सगळेच शिकारी आणि सगळेच दगडाखाली राहणारे, मग भांडण कसे होत नाही?

त्यांनी कृमींच्या पोटात काय आहे ते तपासले. तेव्हा चित्र स्पष्ट झाले. सगळे सगळेच खातात, पण अडचणीच्या दिवसांत प्रत्येकाचे हक्काचे ताट वेगळे असते. पॉलिसेलिसचे ताट म्हणजे चिखलातले गांडुळांच्या जातीचे बारीक कृमी. डुगेसिया पॉलिक्रोआ (आताचे नाव श्मिड्टिया पॉलिक्रोआ) गोगलगायींवर जगते. पांढऱ्या डेन्ड्रोसीलमची भिस्त खेकड्यांच्या गोतावळ्यातल्या, चपट्या अंगाच्या एका छोट्या जीवावर असते. ज्या तळ्यात चुना भरपूर, त्यात गोगलगायी आणि असे कवचधारी जीव भरपूर. तिथे कृमींच्या जातीही जास्त. नापीक, चुना नसलेल्या तळ्यात जाती कमी. म्हणजे काठावरचे चार दगड उलटून कोणकोणते कृमी आहेत हे अचूक ओळखले, तर त्या पाण्याचा कस कळतो. पण नायग्रा, टेन्युइस, पॉलिक्रोआ या सगळ्यांना एकच ‘काळा कृमी’ म्हणून मोजले असते, तर यातले काहीच हाती लागले नसते.

थंड पाण्याचा रहिवासी

तळ्यांची ही कथा, तर झऱ्यांची आणखीच वेगळी. मध्य युरोपच्या डोंगरातल्या एखाद्या ओढ्याच्या कडेने खाली उतरत गेले, तर कृमींच्या जाती ठरावीक क्रमाने बदलत जातात. उगमाच्या गार पाण्यात क्रेनोबिया अल्पिना, मधल्या टप्प्यात पॉलिसेलिस फेलिना आणि खालच्या उबदार पाण्यात डुगेसिया गोनोसेफाला. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर फोइग्ट यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच हे दाखवले होते. क्रेनोबिया ही हिमयुगाची मागे राहिलेली खूण मानली जाते. बर्फ वितळले, मैदाने तापली आणि ही जात डोंगरातल्या थंड झऱ्यांच्या आसऱ्याला गेली.

१९३२ मध्ये बोशां आणि अलियट या दोन शास्त्रज्ञांनी बाल्कन भागातल्या ओढ्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. क्रेनोबियाची तिथली एक नातेवाईक आणि गोनोसेफाला या दोन जाती ज्या ओढ्यात एकत्र होत्या, तिथे सुमारे १३ ते १४ अंश सेल्सियसला त्यांची सीमा ठरलेली होती. वर एक, खाली दुसरी. पण जिथे एकच जात होती, तिथे ती सीमेपलीकडेही पसरलेली आढळली. सीमा नुसत्या उष्णतेने ठरत नव्हती. शेजारीही तिला कारणीभूत होता. प्राण्यांमधल्या स्पर्धेचे हे उदाहरण पुढे परिसरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

आता पाणीच तापू लागले तर? मध्य वेल्समधल्या लिन ब्रिआन परिसरातल्या ओढ्यांची पाहणी अनेक वर्षे सलग सुरू राहिली. तिथून क्रेनोबिया अल्पिना नाहीशी झाल्याचे कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडले आणि त्याचा संबंध उबदार झालेल्या हवामानाशी जोडला. उगमाशी राहणाऱ्याला आणखी वर सरकायला जागा नसते. आणि हा जीव गेला हे कळले ते एकाच कारणाने. तो तिथे होता, हे कुणीतरी आधी नावानिशी लिहून ठेवले होते.

अमेरिकेचा पाहुणा

आता पुन्हा लॉख नेसकडे. सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि २३० मीटर खोल असे हे सरोवर. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या सरोवरांचे पाणी एकत्र केले, तरी ते याच्यातल्या पाण्यापेक्षा कमीच भरेल. त्यात सापडलेल्या कृमीचे गुपित त्याच्या पोटाशी होते. ब्रिटनमधल्या देशी जातींना पोटावाटे बाहेर येणारी नळी एकच असते. या पाहुण्याला अशा अनेक नळ्या होत्या! तो होता ‘फॅगोकाटा वुडवर्थी’.

खुद्द अमेरिकेतही या जातीची ओळख उशिराच पटली होती. फॅगोकाटा ग्रॅसिलिस या जुन्या नावाखाली दोन वेगवेगळ्या जाती एकत्र मोजल्या जात आहेत, हे लिबी हायमन या प्राणिशास्त्रज्ञ महिलेने १९३७ मध्ये दाखवून दिले आणि दुसरीला वुडवर्थी हे नाव दिले. पुढे हायमनबाईंनी पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांवर सहा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यांनी केलेली ती निवड नसती, तर चाळीस वर्षांनी स्कॉटलंडच्या बशीतला कृमी नेमका कोण, हे सांगणे अवघड गेले असते.

रेनॉल्डसन, स्मिथ आणि मेटलंड यांनी हा शोध १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. मग प्रश्न उरला, हा आला कसा? लॉख नेसवर अमेरिकेतून वारंवार कोण येत होते? राक्षसाचे शोधकर्ते! १९६९ मध्ये एक अमेरिकन गृहस्थ आपली छोटी पाणबुडी घेऊन तिथे उतरले होते. १९७२ आणि १९७५ मध्ये राइन्स यांच्या पथकाने पाण्याखालचे कॅमेरे आणि ध्वनिलहरींची यंत्रे आणली. अमेरिकन पाण्यात वापरलेल्या अशाच एखाद्या सामानाला चिकटून कृमी किंवा त्यांचे कोश आले असावेत, असा तर्क आहे. तो पूर्णपणे सिद्ध करता येणार नाही. पण खरा असेल तर राक्षस शोधायला आलेल्यांनीच सरोवरात एक नवा जीव आणून सोडला आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

नेसीचे १९३४ सालचे सर्वांत गाजलेले छायाचित्र बनावट असल्याचे १९९४ मध्ये उघड झाले. २०१८ मध्ये सरोवराच्या पाण्यातल्या डीएनएची तपासणी झाली. पुढच्या वर्षी जाहीर झालेल्या निष्कर्षात सरपटणाऱ्या राक्षसाचा मागमूस नव्हता, ईल माशांचा डीएनए मात्र भरपूर होता.

आपल्या घरातली काचपेटी

परके जीव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाण्यासाठी पाणबुडीच लागते असे नाही. एक ओला बूट, एक जाळे, पाणवनस्पतीची एक जुडी पुरते. ब्रिटनमध्ये म्हणूनच मासेमारी करणाऱ्यांना आणि होड्या वल्हवणाऱ्यांना सामान तपासा, धुवा आणि वाळवा, असे सांगणारी मोहीम २०११ पासून चालवली जाते.

आपल्याकडच्या ओढ्यांत आणि तळ्यांतही चपटे कृमी आहेत. भारतातून वर्णन झालेल्या डुगेसियाच्या जातींत एकीचे नाव ‘इंडिका’, तर दुसरीचे ‘बंगालेन्सिस’ आहे. घरी मासे पाळणाऱ्यांना तर हा पाहुणा केव्हातरी भेटतोच. बाजारातून आणलेल्या पाणवनस्पतीबरोबर तो येतो आणि रात्री दिवा लावला की काचेवरून घसरताना दिसतो. घाबरण्याचे कारण नाही. माशांना जास्त खाणे घातले जात आहे, याची ती खूण असते. खाणे कमी करावे, तळाची घाण काढावी. कृमी चिरडण्याच्या किंवा कापण्याच्या भानगडीत पडू नये, कारण एका तुकड्याचा एक नवा कृमी होण्याचा संभव असतो! आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काचपेटीतले पाणी व वनस्पती जवळच्या ओढ्यात, विहिरीत किंवा तळ्यात कधीही ओतू नयेत. वनस्पती वाळवून टाकाव्यात, पाणी झाडांना घालावे.

सुट्टीत मुलांना घेऊन एखाद्या उथळ ओढ्यावर गेलात, तर मोठ्यांच्या देखरेखीखाली एक दगड हळूच उलटून पाहा. ठिपका चालू लागला तर भिंग काढा आणि मुलांना डोळे मोजायला सांगा. डोळे किती, डोके कसे, स्पर्शिका आहेत का, पाणी गार की कोमट, तारीख कोणती, हे सगळे वहीत लिहून ठेवा. कृमीचे पूर्ण नाव नाही कळले तरी चालेल. उद्या तो तिथून नाहीसा झाला किंवा त्याच्या जागी कुणी परका आला, तर ते कळण्यासाठी ही वही उपयोगी पडेल. निघताना दगड मात्र आठवणीने होता तसा ठेवा.